लागण, लग्न आणि विलगीकरण

कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला 'लागण' म्हटलं की आधी ऊस दिसतो. आडसाली लागण, पूर्वहंगामी लागण, सुरू लागण. दोन डोळ्यांचं टिपरं सरीत दाबायचं, पाणी सोडायचं, झाली लागण. पुढच्या वर्षी त्याचा खोडवा, त्याच्या पुढे निडवा. साखर कारखान्याच्या नोंदीतही लागणीचा ऊस वेगळा आणि खोडव्याचा वेगळा. याच मुलखात 1990 च्या दशकात हा शब्द एसटी स्टँडच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतींवर दुसऱ्याच अर्थाने रंगवलेला दिसू लागला: एचआयव्हीची लागण कशी होते, कशी होत नाही. शब्द तोच. कुणी बिचकलं नाही, कारण मराठीला दोन्ही अर्थ आधीपासून ठाऊक होते. उसाची लागण होते तशी पटकीचीही होत होती.

दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातला 'लग्' धातू आहे: चिकटणं, जोडलं जाणं. मराठीने त्याचं 'लागणे' केलं आणि मग त्याला कामाला जुंपलं ते असं, की या क्रियापदावाचून आपला एक दिवस जात नाही. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नाद लागतो, दृष्ट लागते, निकाल लागतो. यातल्या बहुतेक वाक्यांत माणूस 'ला' प्रत्यय लावून बाजूला बसलेला असतो. 'मला ठेच लागली' म्हणताना मराठी दगडालाही दोष देत नाही आणि पायालाही देत नाही. गोष्ट घडली, एवढंच. म्हणून आजारासाठी 'लागण' हा शब्द मला सगळ्यांत सभ्य वाटतो. त्यात चौकशी आहे, पंचनामा नाही.

बोलण्यात मात्र लोकांनी वेगळी क्रियापदं निवडली. 'त्याला एड्स झाला', 'तिच्यात एचआयव्ही निघाला', 'दोघंही पॉझिटिव्ह निघाले'. हे 'निघणे' पाहा. शेजारी चोर निघाला, हिशेबात घोळ निघाला, तसा रक्तात एचआयव्ही निघाला. आत काहीतरी लपवून ठेवलं होतं आणि तपासणीने ते चव्हाट्यावर आणलं, असा सगळा संशय त्या एका क्रियापदात आहे. ज्यांना नावही घ्यायचं नसतं ते 'तसला आजार' म्हणून भागवतात. 'तसला' या विशेषणाइतकं थोडक्यात बहिष्कृत करणारं दुसरं विशेषण मराठीत शोधून सापडायचं नाही.

गंमत म्हणजे या बोलीतल्या क्रियापदांनी वैद्यकातला एक फरक नकळत अचूक पकडला आहे. एचआयव्ही निघतो आणि एड्स होतो. पहिलं विषाणूचं नाव, ते रक्ततपासणीत कळतं. दुसरं अवस्थेचं नाव, ती यायला उपचार न घेतल्यास साधारण 8 ते 10 वर्षं लागतात. मधल्या काळात माणूस शेत नांगरतो, रिक्षा चालवतो, मुलांना शाळेत सोडतो, आणि त्याला काहीही झालेलं नसतं. दोन्ही नावं एका दमात 'एचआयव्ही-एड्स' अशी जोडून म्हणायची सवय लागली आणि हा मधला काळ लोकांच्या मनातून गळून गेला.

'एड्स' हे नाव तसं तडजोडीतून आलेलं. 5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापून आली. पाचही समलिंगी, पाचही एका विरळा न्यूमोनियाने आजारी. त्यावरून काही डॉक्टरांनी आजाराच्या नावातच 'गे' हा शब्द घातला. मग हीमोफिलियाचे रुग्ण सापडले, बायका सापडल्या, बाळं सापडली, आणि नाव खोटं पडलं. 1982 साली 'एड्स' हे आद्याक्षरी नाव रूढ झालं. विषाणूच्या नावाचं भांडण त्याहून मोठं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये 1983 साली फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांनी तो वेगळा काढला आणि एक नाव दिलं, अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांनी दुसरं दिलं, आणि 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने दोन्ही बाजूला ठेवून 'एचआयव्ही' असं बारसं केलं.

रोगाचं नाव दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची खोड जुनीच आहे. सिफिलिसला सोळाव्या शतकातल्या वैद्य भावमिश्राने 'फिरंग' रोग म्हटलं, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. इंग्रजांच्या लेखी तो फ्रेंचांचा होता. आपल्या बोलीत त्याला 'गरमी' म्हणत, आणि 'प्रमेह' झिजून झालेला 'परमा' गोनोरियाला चिकटला. या सगळ्यांना एका गाठोड्यात बांधायला शिष्ट मराठीने 'गुप्तरोग' काढला. एचआयव्ही आला तो थेट या गाठोड्यात पडला, आणि रक्तपेढीतून किंवा आईच्या पोटात लागण झालेल्यांनाही 'गुप्त' असल्याचा शिक्का बसला.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो चेन्नईत, 1986 साली. तिथल्या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ठेवायला जागा नव्हती, म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, आणि बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. तिथल्या चाचणीत सहा नमुन्यांचा रंग बदलला. पुढे 1993 साली सॉलोमन यांनी जी संस्था काढली तिला वडिलांचं नाव दिलं. एड्सवर काम करणाऱ्यांच्या तोंडी 'वायआरजी' हे नाव सतत असतं, पण त्यातला 'जी' गायतोंडे आहे हे मराठी माणसाला क्वचितच ठाऊक असतं.

आता पुन्हा लागणीकडे. सरकारी मराठीला 'लागण' फार घरगुती वाटते, तिला 'संसर्ग' हवा असतो. त्याचा धातू 'सृज्', म्हणजे सोडणं, निर्माण करणं. सृष्टी, विसर्जन, विसर्ग ही याच घरातली मंडळी. 'संसर्ग' म्हणजे एकमेकांत मिसळणं, सहवास. जुन्या मराठीत सज्जनांचाही संसर्ग घडे आणि तो चांगला समजला जाई. 'उपसर्ग' हा सख्खा भाऊ: व्याकरणात शब्दाच्या आधी लागतो, व्यवहारात लोकांना पोचतो, आणि आयुर्वेदात एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांना 'औपसर्गिक' म्हटलं आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात हे रोग कशाकशाने जातात त्याची यादीच आहे. प्रसंग म्हणजे शरीरसंबंध, अंगाला अंग लागणं, श्वास, एकत्र जेवण, एकच अंथरूण, एकच आसन, दुसऱ्याचे कपडे, दुसऱ्याची माळ, दुसऱ्याचा लेप. कुष्ठ, ज्वर, शोष म्हणजे क्षय आणि डोळे येणं, हे रोग तिथे डोळ्यांसमोर होते, आणि क्षयाच्या किंवा डोळे येण्याच्या बाबतीत यादी चांगलीच शहाणी आहे.

एचआयव्हीला मात्र तिच्यातली पहिली बाब तेवढी लागू पडते. असुरक्षित शरीरसंबंध, लागण झालेल्याचं रक्त, वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला, गर्भात, प्रसूतीत किंवा दुधातून. वाटा एवढ्याच. श्वास, ताट, अंथरूण, कपडे, न्हाणीघर, डास, मिठी यांचा काही संबंध नाही. पण समाजाच्या डोक्यात 'संसर्ग' या शब्दाबरोबर जुनी यादी सगळीच्या सगळी उतरली होती. म्हणून घरोघरी ताट वेगळं झालं, कपबशी वेगळी झाली, दोरीवर कपडे वेगळे वाळू लागले. 'संपर्क' आणि 'स्पर्श' या शब्दांनी त्यात भरच घातली. जो आजार स्पर्शाने होत नाही त्याच्याविषयी बोलायला आपल्याकडे स्पर्शाचेच शब्द होते. 'सोबत जेवल्याने एड्स होत नाही' हे वाक्य इतक्या भिंतींवर लिहावं लागलं ते उगीच नाही.

'लग्' धातूकडे वळायचं तर 'लग्न' टाळता येत नाही. लग्न म्हणजे चिकटलेलं. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला टेकलेली राशी ती लग्न. त्यावरून काढलेली शुभ वेळ ती लग्न. आणि त्या वेळी होणारा विवाह तोही लग्न. वेळेचं नाव विधीला आणि विधीचं नाव आयुष्यभराच्या नात्याला मिळालं. व्युत्पत्तीच्या दृष्टीने लागण आणि लग्न या बहिणी. पुण्याच्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या, देहविक्री न करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला. त्यांच्यातल्या शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती, आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नव्हता. 'एकनिष्ठ राहा' हा सल्ला त्यांनी आधीपासूनच पाळलेला होता. धोका त्यांच्यापुढे मंगलाष्टकांसह आला. गर्भारपणातल्या तपासणीत बाईचा रिपोर्ट आधी हाती पडे, आणि सासर म्हणे की हिच्यात निघाला.

'साथ' शब्दाचंही असंच. तबल्याची साथ, जन्माची साथ आणि तापाची साथ, तिन्ही एकच. मूळ 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्यात सोबत आली, आणि तांड्याबरोबर गावोगाव पोचणारा रोगही आला. एचआयव्हीच्या बाबतीत हा जुना अर्थ अक्षरशः खरा ठरला. महामार्ग, ट्रकचालक, ढाबे, कामासाठी मुंबईला एकटा राहणारा नवरा आणि सणाला त्याचं गावी येणं, ही या साथीची वाट होती. सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने 1992 पासून याच वाटेवर काम केलं. त्यातून उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या संघटनेने नाव घेतलं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. सौम्य पर्यायी शब्द हाताशी असताना त्यांनी जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तोच पाटीवर लिहिला. निरोध वाटणाऱ्या बायका त्याच, आणि पोलीस ठाण्यात जाऊन भांडणाऱ्याही त्याच.

'निरोध' शब्दावरही थांबायला हवं. पतंजलीने योगाची व्याख्या करताना वापरलेला, बुद्धाच्या चार आर्यसत्यांत तिसऱ्या क्रमांकावर असलेला हा शब्द केंद्र सरकारने 1968 साली कुटुंबनियोजनासाठी काँडोमला दिला. तो इतका चालला की दुकानात कुठल्याही कंपनीचं पाकीट मागायचं तरी 'निरोध' म्हणत. चित्तवृत्तींपासून विषाणूंपर्यंत या शब्दाने अडवायचं काम इमानाने केलं.

'विषाणू' हा तर व्युत्पत्तीवाल्यांसाठी मेजवानीच. लॅटिनमध्ये 'व्हायरस' म्हणजे विष, चिकट स्राव. संस्कृत 'विष' आणि लॅटिन 'व्हायरस' एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. म्हणजे विज्ञानाने लॅटिन शब्द उचलला आणि आपल्या परिभाषाकारांनी 'विष' आणि 'अणू' यांची जोड दिली, तेव्हा दूरचे चुलतभाऊ काही हजार वर्षांनी एका टेबलावर बसले. अर्थ मात्र दोघांचाही फसवा. एचआयव्ही विष ओकत नाही. तो रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या सीडी-4 पेशीत शिरतो आणि स्वतःचा आरएनए उलट्या दिशेने वाचून त्याचा डीएनए बनवतो. ही उलटी नक्कल करणारं विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1970 साली दाखवून दिलं होतं. म्हणून हा 'रेट्रोव्हायरस'; जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमातला 'रेट्रो' तोच, मागे वळलेला. तयार झालेला डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडला जातो आणि पेशी मरेपर्यंत तिथेच राहतो. पेशी आपली, कारखाना आपला, माल त्याचा.

'पेशी' या शब्दानेही बरंच अंतर कापलं आहे. सुश्रुताच्या हिशेबात शरीरात पाचशे पेशी आहेत, कारण त्याच्या लेखी पेशी म्हणजे स्नायू. मराठीने त्या शब्दात डोळ्यांना न दिसणारा कण बसवला, आणि आता एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाकावर बायका एकमेकींना विचारतात, 'पेशी वाढल्या का गं?' निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण 500 ते 1500 सीडी-4 पेशी असतात. त्या 200 च्या खाली गेल्या की एड्सची अवस्था मानतात आणि क्षयासारखे संधिसाधू आजार डोकं वर काढतात. 'संधिसाधू' हा शब्द राजकारणातून दवाखान्यात आला, आणि दोन्हीकडे चपखल बसतो.

'इम्यून' शब्दाचा जन्म मात्र महसुलातला. रोमन कायद्यात ज्याला सार्वजनिक कर आणि वेठ माफ असे तो 'इम्युनिस'. आपल्याकडच्या इनाम जमिनीला सारा माफ असे तसा. मराठीत आपण ती माफीची कल्पना सोडून 'प्रतिकारशक्ती' म्हणजे सरळ लढाईचा शब्द घेतला. एचआयव्ही समजून घ्यायला तो जास्त उपयोगी आहे, कारण हा विषाणू लढणाऱ्यांनाच गाठतो.

'लग्' धातूचं तिसरं अपत्य 'विलगीकरण'. 2020 मध्ये ते प्रत्येकाच्या तोंडी होतं. एचआयव्हीच्या संदर्भात ते आधीच एकाच्या वाट्याला येऊन गेलं होतं. गोव्यातला डॉमिनिक डिसोझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळल्यावर फेब्रुवारी 1989 मध्ये पोलिसांनी त्याला उचललं आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस कोंडून ठेवलं. 'क्वारंटाइन' हा व्हेनिसचा शब्द, चाळीस दिवसांचा. मध्ययुगातलं व्हेनिसही चाळिशीवर थांबत होतं. आणि इथे तर कोंडायला वैद्यकीय कारणच नव्हतं, कारण हवेतून काहीच जाणार नव्हतं. आईने हायकोर्टात धाव घेतली, गावाने मोर्चा काढला. सुटल्यावर त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि 1992 मध्ये तो गेला.

माणसाला काय म्हणायचं याचंही भाषेला बराच काळ कळत नव्हतं. आधी 'एड्सग्रस्त' आला. 'ग्रस्' म्हणजे गिळणं. खग्रास ग्रहणातला ग्रास हाच. माणूस गिळला गेलेला, संपलेला. मग 'बाधित' आला, जो अजून टिकून आहे. भूतबाधा, विषबाधा आणि आंबा बाधणं यांच्या रांगेत बसलेला हा शब्द 'ग्रस्त'पेक्षा सौम्य आहे खरा, पण त्यातून मांत्रिक पुरता गेलेला नाही. कार्यकर्ते 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' म्हणतात. जीभ अडखळते, तरी त्यात 'जगणारी' आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर तिला 'संरक्षित व्यक्ती' केलं. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, केवळ या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत.

चाचणीच्या आधी आणि नंतर भेटणारा माणूस 'समुपदेशक'. या शब्दातला 'उपदेश' लपत नाही, आणि चांगल्या समुपदेशकाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की उपदेश करू नका.

उपचारांच्या बाबतीत मराठीने फार डोकं चालवलं नाही आणि बरं केलं. 'गोळ्या चालू आहेत' एवढ्यात सगळं येतं. 1987 साली मान्यता मिळालेलं पहिलं औषध एझेडटी एकट्याने पुरं पडलं नाही, कारण विषाणू रूप बदलत राहतो. 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र देऊ लागले तेव्हा मरणाच्या दारातले लोक उठून बसले. फक्त त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला 350 डॉलरला देऊ केली आणि आफ्रिकेतले दर कोसळले. भारत सरकारने 1 एप्रिल 2004 पासून ती मोफत द्यायला सुरुवात केली, आणि 2017 पासून पेशींचा आकडा न बघता चाचणीनंतर लगेच. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी, टीएलडी. 'टीएलडी संपलीय, सेंटरला जायचंय' हे वाक्य बीपीच्या गोळीइतकं साधं झालं आहे. गर्भवतीने वेळेवर उपचार सुरू केले, तर बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पाचाच्या खाली येते. उपचार नसतील तर ती 15 ते 45 असते. सुई टोचली किंवा धोका घडला, तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या गोळ्याही आहेत.

यापुढचा शब्द अजून मराठीत नीट बसलेला नाही. 2011 मध्ये पुणे आणि चेन्नईसह नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांच्या अभ्यासातून दिसलं की लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी घटतं. पुढच्या युरोपीय अभ्यासांत, रक्तातला विषाणू चाचणीला सापडेनासा झालेल्यांकडून जोडीदाराला एकही लागण झालेली आढळली नाही. इंग्रजीत याचं 'यू इज इक्वल टू यू', म्हणजे अनडिटेक्टेबल तो अनट्रान्समिटेबल, असं सुटसुटीत सूत्र आहे. मराठी पत्रकांत त्याचं 'अनडिटेक्टेबल' तसंच ठेवतात किंवा 'न आढळण्यायोग्य' करतात, जे कुणी बोलत नाही. 'बेपत्ता' म्हणावं तर तो कायमचा गेला असा समज होईल. आपल्याकडे पावसासाठी नेमका वाक्प्रचार आहे: दडी मारणे. पावसाने दडी मारली म्हणताना तो कधीतरी येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं. हा विषाणूही पेशींच्या डीएनएत दडी मारून बसतो, आणि गोळ्या सुटल्या की काही आठवड्यांत पुन्हा रक्तात हजर होतो. एआरटी सेंटरच्या भिंतीवर मी लिहीन ते असं: गोळी रोज घेतली तर विषाणू दडी मारतो, आणि दडी मारलेला विषाणू शरीरसंबंधातून जोडीदाराकडे जात नाही.